झाऱ्याला इंग्रजीत काय म्हणतात?

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत एका सभासद भगिनीने केलेले भाषण. पुष्कळ भगिनींच्या आग्रहावरून ते येथे देत आहोत.)



आपल्या चिटणीसबाईंनी पंधरा दिवसांपूर्वी मला गाठले आणि म्हणाल्या, "ह्या वर्षी वर्धापनदिनाला तुम्ही बोलायचे." मी म्हटले, "अहो, मी काय बोलणार? चैत्रातल्या हळदीकुंकवाला पन्ह्याच्या पातेल्यापाशी उभे राहायचे, एवढेच माझे मंडळातले काम." त्या म्हणाल्या, "मग पातेल्यावरच बोला." त्या थट्टेने बोलल्या, पण मला विषय देऊन गेल्या. तेव्हा आज मी खरोखरच पातेल्यावर, झाऱ्यावर, बशीवर आणि चमच्यावर बोलणार आहे. ह्या वस्तूंना इंग्रजीत काय म्हणतात ते मी वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी शिकले. ते का शिकले, आणि त्याआधी चव्वेचाळीस वर्षे का शिकले नाही, एवढेच सांगायचे आहे. ह्यात विद्वत्ता काही नाही. तेव्हा कोणी वही-पेन्सिल काढली असेल तर परत पिशवीत ठेवावी.

माझे शिक्षण मराठी सातवीपर्यंतचे. दापोलीकडच्या आमच्या खेड्यात शाळा तेवढीच होती, आणि तिच्यात इंग्रजी नव्हते. १९६२ साली मी सातवी झाले. १९६८ साली लग्न होऊन मुंबईस गिरगावातल्या चाळीत, दोन खोल्यांच्या बिऱ्हाडी आले. आमचे हे फोर्टातल्या एका कचेरीत नोकरीला होते. इंग्रजी पत्राचा मसुदा करावा तो ह्यांनीच, अशी त्यांची ख्याती. घरातही बोलताना मध्येच एखादे लांबलचक इंग्रजी वाक्य येई आणि मी ते न समजता मान डोलावी. नव्या सुनेला मान डोलावण्याची सवय असतेच, त्यामुळे ते निभावून गेले.

लग्नाला चार महिने झाले असतील. ह्यांचे साहेब आणि त्यांच्या पत्नी आमच्याकडे चहाला आल्या. त्या बाई परप्रांतीय. बोलणे सगळे इंग्रजीत. आमच्याकडे सहा कप आणि चारच बशा, दोन फुटलेल्या. पाहुणे, सासूबाई, शेजारचे काका अशी वाटणी करता करता साहेबांच्या पत्नीच्या हाती नुसता कप गेला. कप होता काठोकाठ भरलेला. चहा त्यांच्या बोटांवर सांडू लागला, तेव्हा त्या माझ्याकडे पाहून हसत म्हणाल्या, "सॉसर?"

मला वाटले, बाईंना एवढे तरी मराठी येते! मी पदर सावरला आणि आदबीने सांगितले, "गुहागर."

क्षणभर सगळे गप्प. मग ह्यांच्या लक्षात आले आणि हे जे हसले, ते हसतच राहिले. साहेबांना अर्थ समजावून सांगितला, तेही हसले. बाईंच्या बोटांवरचा चहा वाळून गेला. बशी काही त्यांना मिळाली नाही.

मैत्रिणींनो, तुम्हीही आता हसलात. हसण्यासारखीच गोष्ट आहे, मीही हसते. पण ती तेवढ्यावर थांबली नाही. दुसऱ्या दिवशी ती कचेरीत गेली, तिथून चाळीत परत आली, दिवाळीत नणंदेच्या घरी पोचली. कोणीही आला की, "काय वहिनी, सासर कुठले?" मी हसून चहा टाकायला आत जाई. त्यात कोणाचा दुष्टावा नव्हता. पण मी तेव्हा मनाशी एक गाठ बांधली, की कळले नाही तरी विचारायचे नाही. मान डोलवायची, किंवा आत जायचे.

ह्या गाठीची किंमत किती होती, ते १९७४ साली कळले. माझा मुलगा तेव्हा तीन वर्षांचा. त्याला खोकला झाला म्हणून डॉक्टरांनी बाटली दिली होती. तिच्यावरचा मजकूर इंग्रजीत. ह्यांनी कचेरीला निघताना चपला घालता घालता वाचून दाखविले, "एक टीस्पून, दिवसातून तीनदा." आणि जिना उतरले.

'टी' म्हणजे चहा आणि 'स्पून' म्हणजे चमचा, एवढे मला ठाऊक होते. पण आमच्या घरी चहाचा चमचा म्हणजे साखरेच्या डब्यातला तो मोठा, ज्याने मी पातेल्यात साखर घालीत असे. चहा ढवळायला वेगळा चिमुकला चमचा असतो, आणि त्याला टीस्पून म्हणतात, हे मला कोण सांगणार? मनात शंका आली, नाही असे नाही. जिन्यापर्यंत गेलेही. हाक मारायला तोंड उघडले, आणि तेवढ्यात शेजारच्या बिऱ्हाडातून कोणाचे तरी हसणे ऐकू आले. त्या हसण्याचा माझ्याशी काहीच संबंध नव्हता. पण मी परत फिरले.

मोठ्या चमच्याने दोनदा औषध दिले. तिसऱ्या प्रहरी निजलेले मूल संध्याकाळी उठेना. हलवले, तोंडावर पाणी मारले, डोळे उघडी आणि पुन्हा मिटी. खांद्यावर टाकून मी डॉक्टरांकडे धावले. त्यांनी तपासले, चमचा कोणता ते विचारले, आणि कागदावर दोन आकडे लिहून दाखविले. टीस्पून म्हणजे ५ मिलिलिटर, टेबलस्पून म्हणजे १५. मी प्रत्येक वेळी तिप्पट औषध दिले होते. त्या औषधाला गुंगी होती. रात्रभर मी मुलाच्या छातीवर हात ठेवून बसले. पहाटे त्याने डोळे उघडून पाणी मागितले, तेव्हा मला रडू आले.

ह्यांनी मला एकच प्रश्न केला, "अग, विचारले का नाहीस?" मी उत्तर दिले नाही. उत्तर एका शब्दाचे होते, आणि त्या शब्दाला सहा वर्षे सगळे हसत आले होते.

पुढे मी काय केले? इंग्रजी शिकले? नाही. डॉक्टरांच्या चमच्याएवढा एक चमचा आणला, त्याच्या दांडीला लाल दोरा बांधला आणि औषधांच्या डब्यात ठेवून दिला. शिकण्यापेक्षा दोरा बांधणे सोपे होते. असे दोरे बांधीत आपण बायका किती वर्षे काढतो!

आता एकदम २०१२ सालात या. चाळ सुटली होती, आम्ही मुलाकडे इमारतीतल्या घरात राहत होतो. नात सात वर्षांची, इंग्रजी शाळेत जाणारी. एका संध्याकाळी ती वही घेऊन आली. 'स्वयंपाकघरातील वीस वस्तूंची नावे लिहा,' असा अभ्यास होता, अर्थात इंग्रजीत. माझ्याकडे तिने पाहिलेही नाही, सरळ आजोबांकडे गेली. नाइफ, स्पून, प्लेट, कप, ग्लास, बाउल झाले. मग आजोबा अडखळले. नात हातात एकेक वस्तू घेऊन येऊ लागली. तिने झारा पुढे धरला.

हे म्हणाले, "परफोरेटेड... परफोरेटेड इम्प्लिमेंट."

नात म्हणाली, "आजोबा, असं नसतं काही. टीचर हसतील."

सांडशी आली, उलथणे आले, किसणी आली, रवी आली. ज्यांनी जन्मभर इंग्रजीत पत्रे लिहिली, ते आमचे हे उलथण्यापुढे गप्प झाले. मी दारात उभी राहून पाहत होते. खरे सांगते, पहिल्यांदा मला आनंदच झाला! पण मग त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसले ते मी ओळखले. चव्वेचाळीस वर्षांपूर्वी तो चेहरा माझा होता. मी पुढे झाले आणि म्हटले, "मलाही येत नाही. आपण तिघे मिळून शोधू."

त्या दिवशी मला एक गोष्ट उमगली. ह्यांचे इंग्रजी कचेरीचे होते. ते कधी स्वयंपाकघरात आलेच नव्हते. ज्याच्या हातात वस्तू, त्याच्या तोंडात तिचे नाव. झारा ह्यांच्या हातात कधी आला नाही, म्हणून इंग्रजीत तर नाहीच, पण मराठीतही उलथणे कोणते आणि झारा कोणता हे त्यांना धड सांगता येईना. मला इंग्रजी येत नव्हते, पण वस्तू माझ्या हातातल्या होत्या. म्हणजे अर्धी विद्या माझ्याकडे होती, आणि मी उगीचच स्वतःला कोरी पाटी समजत आले होते.

मग आमची शाळा सुरू झाली. एका वहीत तीन रकाने आखले. वस्तूचे चित्र नातीने काढायचे, मराठी नाव मी सांगायचे, इंग्रजी नाव नातीने संगणकावर आणि ह्यांनी कोशात शोधायचे. ह्यांच्या कपाटात मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश होता. हा कोश पहिल्यांदा १८३१ साली निघाला, आणि त्याची वाढवलेली दुसरी आवृत्ती १८५७ साली. परक्या देशातून आलेल्या माणसाने इथल्या पंडितांना बसवून, विचारून विचारून आपले शब्द गोळा केले. एवढा मोठा साहेब "ह्याला काय म्हणतात?" असे विचारीत राहिला म्हणून तो कोश झाला, हे मला फार बरे वाटले.

रोज पाच वस्तू. प्रत्येक वस्तूवर चिठ्ठी चिकटवायची, वर मराठी, खाली इंग्रजी. आणि नियम एकच: दुसऱ्याच्या चुकीला जो हसेल त्याने रात्रीच्या कपबशा विसळायच्या. पहिले चार दिवस कपबशा ह्यांनी विसळल्या. पाचव्या दिवशी माझी पाळी आली. नातीने उखळाला 'दगडाचा खड्डा' म्हटले आणि परातीला 'मोठी प्लेट', आणि मला हसू आवरले नाही. तिचा चेहरा पडला. त्या रात्री कपबशा विसळताना मी विचार केला, की इंग्रजी शब्द न येणाऱ्या बाईला हसणे आणि मराठी शब्द न येणाऱ्या मुलीला हसणे, ह्यांत फरक तो काय? ते मूल पुढच्या वेळी परातीचे नाव विचारणारच नाही, आणि मग आपणच कपाळाला हात लावून म्हणू, "आजकालच्या मुलांना मराठी येत नाही!"

शिकणाऱ्या बाईला हसण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. रमाबाई रानड्यांनी 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' हे पुस्तक १९१० साली प्रसिद्ध केले. त्यांच्या इंग्रजी शिकण्यावरून घरातल्या वडील बायकांनी त्यांना किती बोलून घेतले, किती टोमणे मारले, ते त्यात वाचावे. त्यांना शिकविणारे घरातच होते, न्यायमूर्ती स्वतः. तरीही हा सासुरवास चुकला नाही. त्याच रमाबाई पुढे पुण्याच्या सेवासदनाच्या संस्थापक झाल्या आणि कितीतरी बायकांच्या हाती त्यांनी पुस्तक दिले. आपली महिला मंडळे त्यांच्याच वाटेने निघाली आहेत. आपण हसणाऱ्यांत बसायचे की शिकवणाऱ्यांत, हे आपण ठरवायचे.

आता ह्या शाळेतल्या थोड्या गमती सांगते, नाहीतर म्हणाल की बाई रडवायलाच उभ्या राहिल्या.

आपला चिमटा घ्या. निखारा उचलायचा तो चिमटा, दोरीवरच्या कपड्यांना लावायचा तो चिमटा, काटा काढायचा तो चिमटा, केसांचा तो चिमटा, आणि हळूच काढायचा तोही चिमटाच. इंग्रजीत पहिला टाँग्ज, दुसरा पेग, तिसरा ट्वीझर्स, चौथा क्लिप, आणि पाचवा पिंच. एका शब्दावर आपण पाच कामे चालवतो. उलट त्यांचा 'ग्लास' म्हणजे मुळात काच. आपण स्टीलचा ग्लास म्हणतो, तो खरे म्हणजे स्टीलची काच झाला! धातूच्या पेल्याला टम्बलर म्हणावे, असे नातीने मला शिकविले.

उलथण्याने तर बहार केली. त्याला टर्नर म्हणतात, स्पॅच्युला म्हणतात. पण इंग्लंडात त्याचे घरगुती नाव 'फिश स्लाइस'. ज्या उलथण्याने मी चाळीस वर्षे एकादशीची थालीपिठे उलटली, त्याचे हे नाव ऐकून सासूबाई असत्या तर त्यांनी ते चुलीत घालून शुद्ध केले असते. तसाच कुकर. माझी भाची इंग्लंडात राहायला गेली आणि दुकानात जाऊन "कुकर हवा" म्हणाली, तर त्यांनी तिला ओव्हनसकट भलीमोठी शेगडी दाखविली. तिथे कुकर म्हणजे शेगडी. आपला तो प्रेशर कुकर, असे पुरते म्हणावे लागते. नाइफच्या आधी एक न उच्चारायचा 'के' कशाला ठेवला आहे, आणि 'कपबोर्ड' लिहून 'कबर्ड' का म्हणायचे, हे मात्र मला अजून कोणी सांगितलेले नाही.

काही वस्तूंपुढे तिसरा रकाना रिकामाच राहिला. लाटण्याला रोलिंग पिन मिळाले, पण पोळपाटाला 'पोळ्या लाटायचा वाटोळा पाट' असेच लांबलचक सांगावे लागते. विळी तर सुरीही नव्हे आणि कोयताही नव्हे. बसून, पायाने दाबून चिरायची वस्तू ज्यांच्याकडे नाही, त्यांच्याकडे तिचे नाव कुठून असणार? नात म्हणाली, "आजी, मग 'विळी'च लिहू या." मी म्हटले, "लिही की! त्यांनी आपले शब्द घेतलेलेच आहेत."

आणि हे खरे आहे. हे कोशात पाहू लागले आणि रोज काहीतरी नवीन निघू लागले. इंग्रजांची 'कॉट' म्हणजे आपली खाट. धान्याच्या पोत्याची 'गनी' म्हणजे आपली गोणी. 'शाम्पू' हे आपल्या चंपीचे भावंड. ज्या चिठ्ठ्या मी भांड्यांवर चिकटवीत होते, ती चिठ्ठी त्यांच्याकडे 'चिट' झाली आहे. 'डंगरी' नावाच्या जाड्याभरड्या कापडाचा संबंध तर मुंबईतल्या डोंगरीशी जोडतात, आमच्या गिरगावपासून हाकेच्या अंतरावर!

आणि आपण तरी कमी घेतले आहे का? चावी, घमेले, पिंप, बिजागरी, फीत हे सगळे पोर्तुगीजांकडून आले. बटाटा, काजू, कोबी आणि पाव हेही त्यांच्याच गलबतातून उतरले. चादर, पडदा, पेला, कुलूप, कंदील हे फारसी-अरबीचे. तूप आणि अडकित्ता कानडीतून आले असे जाणकार सांगतात. ज्या बाईने पहिल्यांदा 'चावी' म्हटले, तिला तिची सासू हसली असेल, की किल्ली म्हणायला काय झाले? आज किल्ली आहे आणि चावीही आहे. दोन्हींनी कुलूप उघडते. घरात एक शब्द नवा आला म्हणून जुना हाकलावा लागत नाही. नवी सून आली म्हणून कोणी सासूला घराबाहेर काढतो का? (निदान काढू नये!)

वर्षभरात वहीत १४७ वस्तू झाल्या. मला इंग्रजी बोलता येऊ लागले असे नाही. पण दुकानातल्या डब्यावरची अक्षरे मी लावू लागले, औषधाची बाटली स्वतः वाचू लागले, आणि लाल दोऱ्याचा चमचा साध्या चमच्यांत मिसळून गेला.

ही गोष्ट इथे संपली असती तरी चालले असते. पण वहीचे खरे काम पुढेच होते.

२०१५ च्या श्रावणात ह्यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात गेला आणि वाचा गेली. समजत सगळे होते, पण वस्तूचे नाव ओठावर येईना. ह्या आजाराला वाचाघात म्हणतात. पाणी हवे असले की हे तांब्याकडे बोट करीत, आणि 'तांब्या' शब्द न आल्याने डोळे घट्ट मिटून घेत. ज्यांच्या मसुद्यात कोणी एक शब्द बदलीत नसे, त्यांची ही अवस्था.

वाचा-उपचार करणाऱ्या एक तरुण बाई घरी येत. त्यांनी सांगितले, "आजी, रोजच्या वस्तू एकेक करून दाखवा. आठवायला वेळ द्या. नाहीच आठवले तर पहिले अक्षर सांगा. शब्द मराठीत येवो, इंग्रजीत येवो, चुकला म्हणू नका. आणि हसू नका." मी उठले आणि नातीची वही आणून त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी ती चाळली आणि म्हणाल्या, "ही तर तुम्ही आधीच तयार करून ठेवली आहे."

मग रोज सकाळी मी एकेक वस्तू हातात घेऊन ह्यांच्यापुढे बसू लागले. आता शिकवणारी मी. तांब्या तीन आठवड्यांनी आला. चमचा, ताट, चावी हळूहळू आले. काही मराठीत, काही इंग्रजीत, कोणता शब्द कोणत्या दाराने येईल ह्याचा नेम नसे. उलथणे त्यांना शेवटपर्यंत आठवले नाही, पण 'फिश स्लाइस' मात्र हटकून म्हणत!

एके दिवशी मी बशी पुढे धरली. पुष्कळ वेळ गेला. मी म्हटले, "ब..." त्यांनी मान हलवली. ओठ हलू लागले, कपाळावर घाम आला, आणि मोठ्या कष्टाने शब्द बाहेर पडला, "सॉ... सॉसर."

मी पदर सावरला आणि म्हटले, "गुहागर."

आजारपणानंतर हे तेव्हा पहिल्यांदा हसले. तोंडाच्या एकाच बाजूने, पण हसले. आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी डाव्या हाताने माझा हात धरला आणि कितीतरी वेळ सोडला नाही. त्यांना काही म्हणायचे होते. शब्द नव्हते, पण मला ते कळले. सत्तेचाळीस वर्षांचे ते हसणे त्या दिवशी आम्ही दोघांनी मिळून फेडले. २०१९ साली हे गेले. वही माझ्याजवळ आहे.

मैत्रिणींनो, एवढे सांगून मी मंडळापुढे तीन लहानशा सूचना ठेवते.

पहिली सूचना औषधांची. आपल्या घरातल्या प्रत्येकीला, आणि आपल्याकडे कामाला येणाऱ्या तायांनाही, औषधाच्या बाटलीवरचे टीस्पून आणि टेबलस्पून ह्यांतला फरक आपण सांगावा. न्हाणीघर आणि संडास धुण्याच्या बाटल्यांवर मराठीत चिठ्ठ्या लावाव्यात. ब्लीच आणि संडास धुण्याचे आम्ल एकत्र झाले तर विषारी वायू निघतो. बाटलीवरचे इंग्रजी वाचता येत नाही म्हणून कोणाच्या जिवाशी खेळ व्हायला नको.

दुसरी सूचना मंडळाच्या बैठकीची. महिन्यातून एकदा प्रत्येकीने घरातली एक वस्तू आणावी, आणि तिची जितकी नावे आपल्याला ठाऊक असतील तितकी सांगावीत. आपल्यात कोकणातल्या आहेत, वऱ्हाडातल्या आहेत, गोव्याच्या आहेत. मी जिला विळी म्हणते तिला गोव्याच्या बाई आदोळी म्हणतात. माझे उलथणे कोणाचा कालथा आहे, तर नागपूरच्या बाईंचा सराटा. ही सगळी नावे वहीत उतरवून घ्यावीत, आणि शेवटच्या रकान्यात इंग्रजी. ज्यांना इंग्रजी येते त्यांनी ते सांगावे, आणि ज्यांना वस्तू वापरता येते त्यांनी ती कशी वापरायची ते दाखवावे. म्हणजे कोणीही रिकाम्या हाताने येणार नाही.

तिसरी सूचना सर्वांत महत्त्वाची, आणि तिला खर्च काहीच नाही. कोणी विचारले, "ह्याला काय म्हणतात हो?" तर हसायचे नाही. मग ती नवी सून असो, कामाला येणारी ताई असो, की इंग्रजी शाळेतली नात असो. जो हसेल त्याने मंडळाच्या कपबशा विसळाव्यात. आज चहा झाल्यावर पाहू, किती जणी मोरीपाशी जातात ते!

जाता जाता, भाषणाच्या आरंभी घोळवलेल्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे राहिले. झाऱ्याला 'स्लॉटेड स्पून' म्हणतात, 'स्किमर' म्हणूनही म्हणतात. आणि मराठीत झाराच म्हणतात, हे विसरू नका.